हेमांगीच्या मनाचं टेंपरेचर

हेमांगीला रविवारी संध्याकाळी गास गावातल्या आपल्या घरी असणं भाग होतं, आणि कॉलेजच्या ड्युटीच्या तक्त्याप्रमाणे रविवारी संध्याकाळी ती पुरुषांच्या वॉर्डात लोकांच्या काखेत थर्मामीटर खुपसत असणार होती. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा या काळजीने तिचं जेवणात लक्ष नव्हतं. तिच्या एकुलत्या एक भावाची, हरेशची, हळद होती. भावाला दुसरी बहीण नाही, म्हणजे करवली हेमांगीच. हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. मोतिया रंगाची साडी घेऊन झाली होती, ब्लाउज दोनदा उसवून पुन्हा शिवून झाला होता, आणि करवली मात्र सातिवलीच्या बाजूला नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलात अडकून पडली होती. घर रिक्षाने पाऊण तासावर. पण नर्सिंगच्या मुलींना हॉस्टेल सक्तीचं, मग घर गासला असो नाहीतर गडचिरोलीला.

लग्नकार्यासाठी रजा मिळत नाही, हे हॉस्टेलात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला ते तिसऱ्या वर्षाने सांगितलेलं आणि तिसऱ्याला चौथ्याने. रजा फक्त आजारपणाची, आणि आजारीसुद्धा चांगलं दिसण्याजोगं पडावं लागे, कारण प्रिन्सिपल मॅडम स्वतः कपाळाला हात लावून बघत. हेमांगीची तब्येत तर ठणठणीत. केस ओले ठेवून खिडकीत बसून पाहिलं, थंडगार सरबत पिऊन पाहिलं, पण मेली साधी शिंक येईल तर शपथ!

"हेमे, येशील ना गो?" जिजाबाई, म्हणजे हेमांगीची आई, रोज फोनवर विचारायची. "हलदीला करवली नाय तर मी लोकांना काय तोंड दाखवू? ती जयवंती बोलते, हेमा नाय आली तर आमच्या स्वप्नाला उभी करा. साडी पन तिला बसते बोलते."

"बसते? घालून बघितली तिने?"

"घालून काय बघितली, घालून गावात फिरून आली!"

जयवंती ही हेमांगीची आत्या आणि स्वप्ना ही आत्याची मुलगी. लहानपणापासून हेमांगीचं जे जे म्हणून असेल ते स्वप्नाला बरोबर बसायचं. हेमांगीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

अशा अवस्थेत मंगळवारी संपदा मॅडम वर्गात कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. त्या मानसिक आरोग्य हा विषय शिकवायच्या. नोकरीत नव्या होत्या, मन लावून शिकवायच्या, त्यामुळे मुलींना त्यांची जरा कीवच यायची.

"वरून पत्र आलंय," मॅडम म्हणाल्या. "आरोग्य क्षेत्रात शिकणाऱ्या मुलामुलींचं मानसिक स्वास्थ्य मोजायचंय. यात वीस वाक्यं आहेत. 'गेल्या आठवड्यात मला प्रसन्न वाटलं', 'मला शांत झोप लागली', अशी. प्रत्येकासमोर एक ते पाच यांतला आकडा लिहायचा. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे नेहमी. बेरीज शंभरापर्यंत जाते. नाव लिहायचं नाही, कागदावर क्रमांक आहे. कोणता क्रमांक कोणाचा ते फक्त मला माहीत."

"मॅडम, पासिंग कितीला?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"अगं, यात पास-नापास नसतं."

यावर वर्गात कोणाचाही विश्वास बसला नाही.

"पण मॅडम, फारच कमी आले तर?" हेमांगीने विचारलं.

"चाळिसाच्या खाली आले तर मी त्या मुलीशी बोलेन. गरज वाटली तर चार दिवस घरी पाठवू. घरच्या माणसांत बरं वाटतं."

हेमांगीने पेनाचं टोपण उघडलं. इतके दिवस ती उगाच शिंक काढायच्या मागे लागली होती! आजारपण असं हवं की हात लावून बघता येणार नाही. पण तिने घाई केली नाही. वॉर्डात काम केलेली मुलगी होती ती. ताप नव्व्याण्णव असेल तर गोळी देऊन कामाला लावतात. एकशे चार असेल तर भरती करून घेतात, आणि एकदा भरती झालेल्या माणसाला कोणी सोडत नाही. घरी जायचं तर बेताचा ताप हवा. म्हणून तिने 'प्रसन्न वाटलं'ला एक दिला, 'शांत झोप लागली'ला दोन दिले. 'लोकांत मिसळावंसं वाटलं' याला एक देताना तिच्या अगदी जिवावर आलं. 'जेवण चवीने जेवले'ला मात्र तीन दिले, उगाच मेसच्या मावशींच्या कानावर जायला नको. बेरीज अडतीस आली. तिने ती दोनदा तपासली.

"किती?" शेजारून ॲंजेलाने विचारलं. ॲंजेला निर्मळ गावची, हेमांगीची रूममेट आणि तोंडात तीळ न भिजणारी.

"अडतीस. अडतीसला घरी सोडतील. कोणाला बोलू नकोस हां."

"मी कशाला कोणाला बोलू?" असं म्हणत ॲंजेलाने पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाठीत पेन टोचलं.

आता नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची एक सवय सांगायला हवी. वॉर्डात पहिल्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास मिनिटाला अठरा मोजला, की पुढच्या सगळ्या खाटांसमोर अठरा लिहून मुली मोकळ्या होतात. कोणाकोणाच्या छातीकडे घड्याळ लावून बघत बसायचं? एक आकडा रांगेने खाली उतरवायला हात इतका सरावलेला असतो की डोक्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तर तो अडतीस बाकावरून बाकावर असा सरकत गेला, की मॅडम फळा पुसून वळेपर्यंत त्याने वर्गाला पूर्ण फेरी मारली होती. हेमांगीने मात्र सगळ्यांच्या आधी उठून आपला कागद मॅडमच्या हातात दिला, आणि जाताजाता एक सुस्कारा सोडला.

बुधवारी सकाळी ती बॅग भरून आणि चेहरा पाडून प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिली. बोलावणं आलं तर शोधायला नको. दार अर्धवट उघडं होतं.

"चाळीस मुली आणि चाळिसांचे अडतीस?" प्रिन्सिपल मॅडमचा आवाज आला.

हेमांगीने कान दाराजवळ नेला. चाळिसांचे?

"हो मॅडम," संपदा मॅडम म्हणाल्या. "मला वाटतं, यात काहीतरी गडबड..."

"गडबड कसली? संपदा, मी पंधरा वर्षं संसर्ग नियंत्रणाचं काम केलंय. एका वॉर्डात तीन पेशंटना एकसारखी लक्षणं दिसली तर आपण त्याला काय म्हणतो?"

"साथ म्हणतो. पण मॅडम, हे मन आहे."

"असेना का मन! चाळिसांना एकाच दिवशी एकाच आकड्याचं दुःख झालंय, याला साथ नाही तर काय म्हणायचं? पाण्याची टाकी धुऊन घ्या. आणि मला सांग, साथ असताना पेशंटला गावी सोडतात का?"

"नाही सोडत."

"मग गेट बंद करा. सगळ्या सुट्ट्या रद्द. एकही मुलगी आवाराबाहेर जाता कामा नये, आणि घरी तर मुळीच नाही. घरच्यांना लागण व्हायची!"

हेमांगीच्या खांद्यावरची बॅग घसरून धपकन खाली पडली. "कोण आहे?" असा आवाज येण्याआधी ती बॅग उचलून जिन्याकडे पळाली होती. ॲंजेला जिन्यातच भेटली. हेमांगीने तिच्याकडे असं काही पाहिलं की ॲंजेला न विचारताच म्हणाली, "अगं, मी फक्त एकीलाच बोलले होते!"

त्या दिवसापासून मुलींवर उपचार सुरू झाले. पहाटे गच्चीवर हास्यवर्ग. सगळ्यांनी हात वर करून हसायचं आणि वॉर्डनने कोण हसत नाही ते रांगांमधून फिरून बघायचं. केळ्याने मन प्रसन्न होतं असं प्रिन्सिपल मॅडमनी कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे नाश्त्याला केळी, दुपारी केळी, झोपताना केळी. ॲंजेलाच्या घरी केळीच्या बागा. जन्मभर केळी खाऊन विटलेली ती पोरगी नर्सिंगला यासाठी आली होती की काय, असं तिचं तिलाच वाटायला लागलं. शिवाय प्रत्येक मुलीला एक जोडीदारीण नेमून दिली. तिने दर चार तासांनी समोरचीच्या चेहऱ्याकडे पाहून 'मनःस्थिती' अशी नोंद करायची. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत 'मनःप्रसन्नता दिन'. म्हणजे वॉर्डाची ड्युटी एक वेळ कोणाशी बदलून घेता आली असती, तीही वाट बंद झाली.

एवढ्यावर भागलं असतं तरी हेमांगीने देवाचे आभार मानले असते. पण प्रिन्सिपल मॅडमनी सगळ्या पालकांना मोबाइलवर निरोप पाठवला. 'आपल्या मुलीच्या मनाची अवस्था चिंताजनक आहे. कॉलेज योग्य ते उपचार करत आहे. कृपया भेटायला येऊ नये.'

दुसऱ्या मिनिटाला हेमांगीचा फोन वाजला.

"हेमे! मनाला काय झाला गो तुज्या?"

"काही नाही गं आई. तो एक कागद भरायचा होता, त्यात मी..."

"कोन हाय तो?"

"कोण तो?"

"उगाच कोनाच्या मनाला काय होत नाय. पोरगा कोन हाय ता सांग. आपल्यातला हाय का?"

मागून जयवंती आत्याचा आवाज आला, "डॉक्टर असंल तर हो बोल गो!"

"आई, पोरगा-बिरगा कोणी नाही! मला फक्त हळदीला यायचंय."

 मग जिजाबाई एकदम मऊ आवाजात बोलायला लागली, आणि त्याचीच हेमांगीला जास्त भीती वाटली. "ऱ्हाऊ दे बाय. तू आधी बरी हो. असल्या मनाने भावाच्या हलदीला येशील न् रडत बसशील. शुभ कामात रडका तोंड नको. स्वप्ना उभी ऱ्हाईल तुज्या जागेवर."

फोन ठेवल्यावर हेमांगी पलंगावर बसली आणि खरोखरच रडली. हरेशने तिला सायकल शिकवली होती, बारावीच्या निकालाला तिच्याआधी तो रडला होता, आणि त्याच्या अंगाला हळद लावायला ती स्वप्ना! जोडीदारीण म्हणून समोर बसलेल्या ॲंजेलाने इकडेतिकडे पाहिलं, पेन उघडलं आणि तक्त्यात 'मनःस्थिती : स्थिर' अशी नोंद केली.

"स्थिर काय लिहितेस? दिसत नाही का?"

"कालचंच उतरवलं गं, सवयीने."

हेमांगीने डोळे पुसले. "ॲंजेला, आता बरं व्हायला हवं."

"आपण आजारीच नाही, तर बरं कसं होणार?"

"वॉर्डात डिस्चार्ज कसा मिळतो? चार्ट नॉर्मल आला की मिळतो. मग?"

ती तडक संपदा मॅडमकडे गेली. "मॅडम, परत मोजा ना. ताप आला की आपण दर चार तासांनी मोजतो. मग मन एकदाच मोजून कसं चालेल?"

संपदा मॅडमना तो अडतीस पहिल्यापासून खुपत होता. त्या खूश झाल्या. "अगदी बरोबर बोललीस! शुक्रवारी पुन्हा मोजू. पण हेमांगी, मुलींना सांग, या वेळी अगदी मनापासून भरा."

"अगदी मनापासून मॅडम."

दुपारी मेसमध्ये केळी सोलता सोलता वर्गाची बैठक बसली. या वेळी लपवाछपवी नव्हती, कारण रविवार सगळ्यांचाच गेला होता. कोणाला सिनेमाला जायचं होतं, कोणाला नुसतं झोपायचं होतं.

"सगळ्यांनी नॉर्मल भरायचं," हेमांगी म्हणाली.

"पण मनाचं नॉर्मल किती असतं?" एकीने विचारलं.

हे काही पुस्तकात आलं नव्हतं. 

"शंभर?" ॲंजेलाने सुचवलं.

"शंभर म्हणजे ताप!" चार-पाच जणी एकदम ओरडल्या.

"मग नॉर्मल म्हणजे अठ्ठ्याण्णव," हेमांगी म्हणाली, आणि ते सगळ्यांना तात्काळ पटलं. वर पॉइंट सहा लिहायचा का अशी शंका एकीने काढली, पण कागदात पॉइंटची सोय नव्हती.

शनिवारी सकाळी प्रिन्सिपल मॅडम स्वतः वर्गात आल्या. त्यांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि डोळे चक्क पाणावले होते. मागे संपदा मॅडम उभ्या होत्या, त्यांचा चेहरा मात्र दात दुखत असल्यासारखा.

"मुलींनो," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "अडतीसवरून अठ्ठ्याण्णव! इतक्या थोड्या दिवसांत! चाळीसच्या चाळीस जणी! माझ्या आख्ख्या नोकरीत अशी साथ इतक्या लवकर आटोक्यात आलेली मी पाहिली नाही."

हेमांगीने हात वर केला. "मग मॅडम, गेट उघडणार ना?"

"गेट? अगं, आता तर खरं काम आहे! मी आत्ताच आपल्या ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन केला. उद्या संध्याकाळी शत्रुघ्नशेठ स्वतः बघायला येतायत. तुम्ही सगळ्यांनी हॉलमध्ये बसायचं, हास्यवर्ग करून दाखवायचा, केळी खाऊन दाखवायची. आणि एका मुलीने अनुभव सांगायचा. साथीत पहिला रुग्ण सगळ्यात महत्त्वाचा. संपदा, सगळ्यात आधी हातात आलेला कागद कोणाचा?"

"मॅडम, ते गुप्त असतं," संपदा मॅडम ठामपणे म्हणाल्या.

पण त्याच क्षणी एकोणचाळीस माना हेमांगीकडे वळल्या होत्या.

तर अशा रीतीने रविवारी दुपारी हेमांगी कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून हॉलमध्ये पहिल्या खुर्चीवर बसली होती. प्रिन्सिपल मॅडमनी लिहून दिलेलं भाषण तिच्या हातात होतं. 'मी निराशेच्या गर्तेत खोल खोल जात होते', अशी सुरुवात. ती काही तिला खोटी वाटेना. खिशातला फोन थरथरत होता. मांडव बांधून झाल्याचा फोटो आला, हरेशचा पाटावर बसून बघतानाचा फोटो आला, आणि मोतिया साडीतल्या स्वप्नाचा फोटो आला. तो फोटो हेमांगीने मोठा करून पाहिला. साडी खरोखरच बसली होती.

ऊन कलायला लागलं तरी शत्रुघ्नशेठांचा पत्ता नव्हता. प्रिन्सिपल मॅडम दारापर्यंत जात होत्या आणि परत येत होत्या. हेमांगी खुर्चीवर बसल्या बसल्या पाय हलवत होती. हळदीची वेळ जवळ येत चालली होती. पळून जावं का? पण गेटवर कुलूप होतं. चक्कर येऊन पडावं का? पण मग भरती करून घेतील. शेवटी प्रिन्सिपल मॅडमनी फोन लावला. त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळे सगळ्या हॉलने ऐकलं.

"मॅडम, आज नाय जमनार हो," शेठ ओरडून बोलत होते, कारण मागे धाडधाड डीजे वाजत होता. "गासला हलदीला आलोय. नाय आलो असतो तर गाव वर्षभर बोलला असता."

हेमांगीचे पाय हलायचे थांबले.

"पण साहेब, पेशंट तयार आहे! इथे इस्त्री करून बसलीय!"

"मंग काय करू? हलद टाकून येऊ?"

प्रिन्सिपल मॅडमनी एक क्षण विचार केला. साथीचं काम केलेली बाई, पेशंटपर्यंत जायची त्यांना सवय होती. "तुम्ही कशाला येता? आम्हीच येतो तिकडे. हेमांगी, चल, गाडीत बस! संपदा, कागद घे!"

गाडीत हेमांगी मागच्या सीटवर अगदी कडेला टेकून बसली होती. श्वास इतका भराभर चालला होता की कोणी मोजला असता तर अठरा-बिठरा काही निघालं नसतं. आनंद व्हावा की रडू यावं ते तिला कळेना. गासला आज एकूण तीन हळदी होत्या. शेठ दुसऱ्याच मांडवात असले तर? स्वतःच्या घरावरून गाडीतून पुढे जायचं आणि दुसऱ्याच्या मांडवात जाऊन निराशेच्या गर्तेतून भाषण करायचं? नालासोपाऱ्याचा पूल ओलांडला, गर्दीत गाडी थांबत थांबत निघाली, मग शेतं लागली. पहिला मांडव आला. शेठांची गाडी नव्हती. दुसरा मांडव आला, तिथेही नव्हती. हेमांगीने मुठी आवळल्या. वळण घेतलं आणि समोर तिच्या स्वतःच्या घराचा मांडव, दिव्यांच्या माळा, आणि दारातच आडवी लावलेली शेठांची पांढरी गाडी.

"हेच दिसतंय," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "हेमांगी, भाषण घेतलंस ना?"

"मॅडम, हे..." पण प्रिन्सिपल मॅडम तिचा दंड धरून चालायलाही लागल्या होत्या.

मांडवात शिरल्याबरोबर जिजाबाईने त्यांना पाहिलं. पांढऱ्या युनिफॉर्ममधली आपली मुलगी, एका बाजूला एक मॅडम, दुसऱ्या बाजूला दुसरी. तिने तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! पोरीला घरी आनून सोडली गो!"

"दोघी दोघी धरून आनतायत," जयवंती आत्या म्हणाली, "म्हंजे जास्तच हाय."

"हे तुझं घर आहे?" प्रिन्सिपल मॅडमनी चकित होऊन विचारलं. पण तेवढ्यात शेठ समोर आले. मॅडमनी लगेच हेमांगीला पुढे केलं. "साहेब, हीच ती. पहिला रुग्ण. अडतीसवरून अठ्ठ्याण्णव!"

शेठांनी हात वर करून डीजे बंद करायला लावला.  पाटावर बसलेला हरेश मान वळवून बघायला लागला. त्याच्या शेजारी स्वप्ना हळदीची वाटी ठेवलेलं ताट घेऊन उभी होती. सवाष्णींची हळद लावून झाली होती आणि आता करवलीचा मान होता.

"बोल पोरी," शेठ म्हणाले, "कसा वाटतोय आता?"

हेमांगीने हातातल्या भाषणाकडे पाहिलं, स्वप्नाच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, आणि तिचा सगळा बांधच फुटला.

"मला काहीच झालं नव्हतं शेठ! मला फक्त माझ्या भावाच्या हळदीला यायचं होतं. लग्नाला रजा देत नाहीत, म्हणून मी आजारी पडले. आजारी पडले तर घरी सोडेनात, म्हणून बरी झाले. बरी झाले तर लोकांना दाखवायला ठेवून घेतलं! आता मी काय होऊ ते तरी सांगा!"

मांडवात कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. संपदा मॅडमनी कागद छातीशी धरून डोळे मिटले. प्रिन्सिपल मॅडम हेमांगीकडे बघत राहिल्या.

"रजा मागितली होतीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"देत नाहीत म्हणून. सगळ्यांना माहीत आहे."

"मला नाही माहीत," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी इथे आल्यापासून एकाही मुलीने लग्नासाठी रजा मागितलेली नाही. मला बाई वाटायचं, या मुलींच्या घरी लग्नंच होत नाहीत. होत असती तर एखादीने पत्रिका तरी दिली असती की मला."

 हेमांगीला एकदम फार वाईट वाटलं.  जिजाबाईने पुढे होऊन हळदीने माखलेले हात प्रिन्सिपल मॅडमच्या दोन्ही गालांवर ठेवले. "मंग आता आल्यात ना? बसा. पानी प्या. पत्रिका काय, उद्याच्या लग्नाला पन तुमीच पुढं."

शेठांनी डीजेवाल्याला खूण केली. त्या गोंगाटात स्वप्नाने ताट हेमांगीच्या हातात कोंबलं. "घे गं बाई तुझं! तुझ्या ब्लाउजने काखेत नुसती वाट लावलीय माझी!" हेमांगी साडी बदलायला थांबली नाही. त्याच पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये ती पाटासमोर बसली आणि दोन्ही हातांनी भावाला हळद लावली. गालांना, कपाळाला, कानांना, आणि थोडी नाकातही गेली. हरेशने शिंकता शिंकता तिच्या युनिफॉर्मवर पिवळे पंजे उठवले. ती हसत होती आणि हसता हसता रडत होती.

"मी बोलली होती ना, रडंल म्हनून," जिजाबाई म्हणाली आणि स्वतःच पदराने डोळे टिपायला लागली.

सोमवारी दुपारी लग्न लागलं आणि संध्याकाळी वरात निघाली. बँड अगदी रंगात आला होता. मोतिया साडीतली हेमांगी नवऱ्यामुलाच्या मागे मानाने चालत असताना तिचा फोन वाजला. संपदा मॅडमचा होता. तिने एका कानात बोट घालून फोन घेतला.

"हेमांगी, प्रिन्सिपल मॅडम कुठे आहेत? सकाळपासून फोन उचलत नाहीत. इथे टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग पडलाय, अर्ध्या वर्गाच्या घरी याच आठवड्यात लग्न निघालंय. वरच्या ऑफिसचा फोन येऊन गेला. त्यांना मुलींच्या मनाचा आकडा आजच हवाय. मी अडतीस सांगू, अठ्ठ्याण्णव सांगू, काय सांगू?"

हेमांगीने टाचा उंचावून पुढे पाहिलं. बँडच्या अगदी पुढ्यात, जयवंती आत्याच्या हातात हात घालून, प्रिन्सिपल मॅडम नाचत होत्या. अंबाडा कधीच सुटला होता. शेठ बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"मॅडम, त्या आत्ता फोनवर येण्यासारख्या नाहीत."

"का? काय झालं? बऱ्या आहेत ना?"

"एकदम बऱ्या आहेत. दोन दिवस रजेवर आहेत. चार्ज तुमच्याकडे दिलाय म्हणाल्या."

पलीकडे टेबलाचा खण बंद केल्याचा आवाज आला.   

"हेमांगी," संपदा मॅडम हळूच म्हणाल्या, "वरात किती वाजेपर्यंत आहे गं?"